डांग्या खोकला : कोणती तपासणी, केव्हा?

घरात कुणाचा खोकला रेंगाळला की आपल्याकडे इलाजाचा एक ठरलेला क्रम असतो. आधी आल्याचा काढा, मग जोशांदा, मग शेजारच्या मेडिकलमधून आणलेली बाटली. तेवढ्याने भागले नाही तर दवाखाना. तिथे छातीचा फोटो निघतो, थुंकी तपासली जाते. दोन्ही रिपोर्ट चांगले आले की घरातले सुटकेचा श्वास घेतात. "टीबी नाही, न्यूमोनिया नाही, ॲलर्जी असेल," असे म्हणून विषय संपतो. खोकला मात्र संपत नाही. रात्री उबळ येते, दम कोंडतो, उलटी होते आणि सकाळी माणूस पुन्हा कामाला लागतो.

अशा रेंगाळलेल्या खोकल्यांपैकी काहींच्या मागे डांग्या खोकला असतो. उर्दूत याला काली खाँसी म्हणतात. हा फक्त लहान मुलांचा आणि तोही जुन्या काळातला आजार, अशी आपली समजूत असते. त्यामुळे चाळिशीच्या अब्बांना किंवा साठीच्या दादींना तो झाला असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. छातीच्या फोटोत तो बहुधा दिसत नाही. टीबीसाठी थुंकी तपासली तर त्यातही सापडत नाही, कारण ती तपासणी दुसऱ्याच जंतूसाठी असते. डांग्या खोकला शोधायला त्याची स्वतःची तपासणी करावी लागते आणि तीही योग्य दिवसांत. या महिन्यात आम्ही याच तपासण्यांबद्दल लिहीत आहोत. विषय प्रयोगशाळेतला वाटला, तरी त्याचा संबंध घरातल्या पाळण्याशी आहे.

नुसत्या आवाजावर ओळख पटत नाही

हा आजार साधारण तीन टप्प्यांत चालतो. लागण झाल्यावर बहुधा सात ते दहा दिवसांनी सर्दी सुरू होते. नाक वाहते, थोडा खोकला असतो, ताप फारसा नसतो. हा पहिला टप्पा एक-दोन आठवड्यांचा. याच दिवसांत रोगी सर्वांत जास्त लागण पसरवतो आणि याच दिवसांत त्याला कुणी रोगी समजत नाही. दुसऱ्या टप्प्यात उबळी येतात. एका दमात दहा-पंधरा वेळा खोकून झाले की श्वास आत ओढताना "हूप" असा आवाज येतो. हा टप्पा कित्येक आठवडे चालतो. तिसऱ्या टप्प्यात खोकला हळूहळू उतरतो.

पुस्तकात असे सरळ लिहिलेले असते, पण माणसे पुस्तकाप्रमाणे आजारी पडत नाहीत. लहानपणी लस घेतलेल्या मोठ्या माणसांत तो "हूप" आवाज पुष्कळदा नसतोच, नुसता चिवट खोकला असतो. उलट, दोन-तीन महिन्यांच्या बाळाला खोकलाही नीट येत नाही. ते काही क्षण श्वासच घ्यायचे थांबते, ओठ निळे पडतात, दूध ओढत नाही. म्हणजे ज्याला सर्वाधिक धोका, त्याच्यातच ओळखीची खूण सापडत नाही. म्हणून तपासणीची गरज पडते.

बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त

या आजाराचा जंतू प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवला तो बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे, १९०६ साली. ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू या दोघांनी ते काम केले. हा जंतू फार नाजूक. ज्या साध्या मिश्रणावर इतर जंतू सहज वाढत, त्यावर तो वाढेना. तेव्हा त्यांनी बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त एकत्र करून त्याच्यासाठी वेगळे खाद्य तयार केले. त्यावर काही दिवसांनी पाऱ्याच्या थेंबासारखे चमकणारे बारीक ठिपके उमटले. पुढे या जंतूला बोर्दे यांच्या नावावरून बोर्डेटेला पर्टुसिस हे नाव मिळाले. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल बोर्दे यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले.

जंतू असा वाढवून ओळखण्याला कल्चर म्हणतात. कल्चरमध्ये हा जंतू सापडला तर आजाराबद्दल शंका राहत नाही. त्या जंतूवर कोणते औषध चालेल तेही तपासता येते. पण त्याच्या अडचणीही आहेत. निकाल यायला आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त. खोकला सुरू झाल्यापासून पहिले दोन आठवडे उलटले की नमुन्यात जिवंत जंतू मिळणे कठीण होत जाते. आणि रोग्याने आधीच प्रतिजैविक घेतले असेल, तर कल्चर बहुधा कोरेच राहते. जंतू मेलेला असतो, खोकला मात्र चालू असतो. कारण जंतूने सोडलेल्या विषांनी श्वासनलिकेच्या आतल्या थराला जी इजा केलेली असते, ती भरून यायला वेळ लागतो.

दोन शिक्षिका आणि खोकल्याची ताटली

१९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती, घराघरांत बेकारी होती आणि डांग्या खोकल्याने दर वर्षी हजारो मुले दगावत होती. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या गावच्या सरकारी प्रयोगशाळेत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी काम करत होत्या. दोघीही आधी शाळेत शिकवत असत. १९३२ मध्ये त्यांनी डांग्या खोकल्याचा अभ्यास हाती घेतला. दिवसभराची नेमून दिलेली कामे आटोपली की संध्याकाळी त्या गरिबांच्या वस्त्यांत जात आणि रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात आजारी मुलांचे नमुने घेत.

नमुना घेण्याची रीत साधी होती. खाद्य पसरलेली काचेची ताटली मुलाच्या तोंडासमोर काही इंचांवर धरायची आणि त्याला त्यावर खोकू द्यायचे. ही "खोकल्याच्या ताटली"ची पद्धत त्याआधी डेन्मार्कमध्ये निघाली होती. केंड्रिक आणि एल्डरिंग यांनी ती घराघरांत नेली. त्या ताटल्यांवरून कोणत्या मुलाला खरोखर डांग्या खोकला आहे आणि तो किती दिवस दुसऱ्याला लागू शकतो, हे कळू लागले. आजारी मुलाला किती दिवस वेगळे ठेवायचे हा तेव्हा पोटापाण्याचाही प्रश्न होता, कारण मुलाबरोबर घरच्यांच्या कामावर आणि येण्याजाण्यावरही बंधने येत. याच जंतूंपासून दोघींनी लस तयार केली, हजारो मुलांत काटेकोरपणे तपासून पाहिली आणि ती गुणकारी असल्याचे दाखवून दिले. आज आपल्या बाळांना मिळणाऱ्या लशीची वाट अशा ताटल्यांवरून आलेली आहे.

काडी नाकातच का?

आता ताटलीची जागा काडीने घेतली आहे. कोरोनाच्या दिवसांत नाकात खोल जाणारी ती काडी आपण सर्वांनी पाहिली. इथेही तसाच नमुना लागतो. हा जंतू नाकाच्या अगदी मागे, जिथे नाक घशाला मिळते तिथल्या केसाळ पेशींना चिकटून राहतो. त्यामुळे नाकपुडीच्या टोकाला फिरवलेली किंवा नुसती घशाला लावलेली काडी पुरेशी नसते. ती मागच्या भिंतीपर्यंत गेली पाहिजे आणि काही सेकंद तिथे थांबली पाहिजे. तान्ह्या बाळाच्या नाकातून बारीक नळीने स्राव ओढून घेण्याचीही पद्धत आहे.

काडी कापसाची असून चालत नाही. कापसातील काही स्निग्ध द्रव्ये या नाजूक जंतूला मारक ठरतात. म्हणून कृत्रिम धाग्याची काडी वापरतात. कल्चरसाठी नमुना पाठवायचा असेल तर तो खास माध्यमात घालून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. बाळ रडते म्हणून आईचा जीव कळवळतो आणि "नको, सोडा" असे म्हणावेसे वाटते. पण अर्धवट घेतलेल्या नमुन्याचा निगेटिव्ह रिपोर्ट हा खोटा दिलासा असतो. ते काही सेकंद बाळाचे डोके घट्ट धरून बसणे हीच त्या वेळी बाळाची सेवा असते.

पीसीआर : जलद, पण डोळे मिटून मानू नये अशी

आज सर्वांत जास्त वापरली जाते ती पीसीआर. हिच्यात जंतू जिवंत असण्याची गरज नसते. नमुन्यात जंतूच्या डीएनएचा तुकडा असेल, तर त्याच्या लाखो प्रती काढून तो ओळखला जातो. निकाल एक-दोन दिवसांत मिळू शकतो. खोकल्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत ही तपासणी सर्वांत उपयोगी, चौथ्या आठवड्यापर्यंत ठीक. त्यानंतर नमुन्यातील डीएनए झपाट्याने कमी होतो आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

उलट चूकही होते. पीसीआरमध्ये डीएनएचा जो भाग बहुधा शोधला जातो, त्याच्या या जंतूत पन्नासहून अधिक प्रती असतात. त्यामुळे तपासणी अतिशय संवेदनशील होते, पण किंचितशा भेसळीनेही ती फसते. काही लशींमध्ये या जंतूचा डीएनए असतो. लस टोचलेल्या टेबलावरच, त्याच हातमोज्यांनी नमुना घेतला तर लशीचा अंश काडीला लागून निरोगी माणसाचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येऊ शकतो. शिवाय हाच डीएनए-भाग बोर्डेटेला होल्मेसी या भाऊबंद जंतूतही सापडतो.

याचा मोठा धडा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २००६ साली मिळाला. डार्टमथ-हिचकॉक या मोठ्या रुग्णालयात खोकल्याची साथ पसरल्यासारखी दिसली. सुमारे हजार लोकांची पीसीआर झाली, त्यांतले शंभराहून अधिक पॉझिटिव्ह आले. निकाल येईपर्यंत कर्मचाऱ्यांना घरी बसवले गेले. हजाराहून अधिक लोकांना प्रतिजैविके दिली गेली, चार हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना लस टोचली गेली. नंतर शंभराहून अधिक नमुन्यांचे कल्चर केले तेव्हा एकातही डांग्या खोकल्याचा जंतू वाढला नाही. डांग्या खोकल्याची साथ नव्हतीच. श्वसनमार्गाचा दुसराच कुठला तरी आजार पसरला होता, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी काढला.

यावरून पीसीआर निरुपयोगी आहे असे कुणी समजू नये. ती फार मोलाची आहे, पण लक्षणे असलेल्या माणसासाठी. घरात एकाला डांग्या खोकला निघाला म्हणून न खोकणाऱ्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून काही साधत नाही. आणि साथ म्हणायची असेल तर निदान काही नमुन्यांचे कल्चर झालेले असावे.

रक्त काय सांगते?

खोकला महिनाभर चालला आहे आणि आता तपासणी करायची आहे, अशा वेळी रक्तातील प्रतिपिंडे उपयोगी पडतात. जंतूच्या विषाविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडे बनवते, ती मोजली जातात. खोकला सुरू होऊन दोन आठवड्यांनी ती पुरेशी वाढू लागतात आणि दोन ते आठ आठवड्यांच्या काळात या तपासणीचा अर्थ सर्वांत चांगला लागतो. ही तपासणी मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी आहे. तान्ह्या बाळासाठी ती कामाची नाही, कारण त्याच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असू शकतात. नजीकच्या वर्षभरात ज्याने डांग्या खोकल्याची लस घेतली आहे, त्याचाही रिपोर्ट फसवा ठरतो. प्रतिपिंडे लशीची की आजाराची, हे त्यावरून सांगता येत नाही.

नेहमीची सीबीसी तपासणी छोट्या गावातही होते. तिने आजार सिद्ध होत नाही, पण इशारा मिळतो. या जंतूचे विष लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडू देत नाही, म्हणून रक्तात त्यांची गर्दी होते. ताप नसलेल्या, खोकणाऱ्या तान्ह्या बाळाच्या पांढऱ्या पेशी तीस-चाळीस हजारांवर गेल्या असतील, तर तो आकडा डॉक्टरांना ताबडतोब दाखवावा. पेशी जितक्या जास्त, तितका बाळाच्या फुफ्फुसांना आणि हृदयाला धोका जास्त. प्रौढांत मात्र हा बदल बहुधा दिसत नाही. म्हणून सीबीसी चांगली आली एवढ्यावरून डांग्या खोकला नाही असे म्हणता येत नाही.

घरासाठी थोडक्यात

फ्रिजवर चिकटवता येईल इतके सोपे करून सांगायचे तर असे :

खोकला सुरू होऊन दोन आठवड्यांच्या आत : नाकाच्या मागचा नमुना, कल्चर आणि पीसीआर दोन्ही.

तिसरा-चौथा आठवडा : पीसीआर. मोठ्यांसाठी सोबत रक्तातील प्रतिपिंडे.

त्यानंतर आठव्या आठवड्यापर्यंत, फार तर बाराव्यापर्यंत : फक्त रक्तातील प्रतिपिंडे, तीही मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी.

तान्हे बाळ : कोणत्याही दिवशी आधी रुग्णालय, मग तपासणीचा विचार.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहून न्यावे. कोणते औषध किती दिवस घेतले तेही लिहावे. शेवटची लस कधी झाली, घरात तान्हे बाळ किंवा गरोदर बाई आहे का, हेही सांगावे. बरीच घरे "बरेच दिवस झाले" एवढेच सांगतात. त्यावरून कोणती तपासणी करायची हे डॉक्टर तरी कसे ठरवणार? आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी टाळू नये. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. डांग्या खोकल्याची शंका तिच्या जोडीला घ्यायची आहे, तिच्या जागी नाही.

पीसीआर सगळीकडे होत नाही आणि मोठ्या शहरातल्या खासगी प्रयोगशाळेत ती महाग पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शंका रास्त असेल तर इलाज रिपोर्टसाठी थांबत नाही. डॉक्टर नमुना घेऊन त्याच दिवशी औषध सुरू करू शकतात, बाळाच्या बाबतीत तर तसेच करावे लागते. अझिथ्रोमायसिनसारखे औषध लवकर मिळाले तर आजार सौम्य होऊ शकतो. उशिरा मिळाले तर खोकला फारसा कमी होत नाही, पण दुसऱ्याला होणारी लागण थांबते. योग्य औषधाचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत रोग्याने लहान मुलांपासून दूर राहावे. औषध घेतलेच नाही, तर लागण तीन आठवडे चालू राहू शकते. घरातील इतरांना, विशेषतः बाळाच्या सहवासातल्यांना, प्रतिबंधक औषध लागेल का हेही विचारावे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नयेत. त्याने तपासणी फुकट जाते आणि औषधाचा डोसही चुकतो. आणि वर्षाखालील बाळाला खोकल्यावर मध चाटवू नये.

चाळीस दिवस आणि बेचाळिसावा दिवस

बाळाला डांग्या खोकला कुठून येतो? बहुधा घरातूनच. हा आजार इतका लागट आहे की घरात एकाला झाला तर संरक्षण नसलेल्या दहांपैकी आठ जणांपर्यंत तो पोहोचू शकतो. लहानपणीच्या लशीचे बळ काही वर्षांनी ओसरते. त्यामुळे ज्यांना आपण "बरे" समजतो ती अम्मी, खाला, मामू किंवा आजोबाच बाळापर्यंत तो पोहोचवतात.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळले जातात. सरकारी कार्यक्रमात डांग्या खोकल्याची लस पेंटाव्हॅलेंटमधून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी मिळते. म्हणजे पहिला डोस बेचाळिसाव्या दिवशी. चाळीस दिवसांच्या चिल्ल्यात बाळाकडे स्वतःच्या लशीचे काहीच संरक्षण नसते आणि एका डोसानेही ते पुरेसे होत नाही. नेमक्या याच दिवसांत अकीका होतो, पाहुण्यांनी घर भरते, प्रत्येक जण बाळाला मांडीवर घेतो, गालाचा मुका घेतो. खुशीच्या या दिवसांवर आम्हाला सावट आणायचे नाही. एवढेच सांगायचे आहे, की ज्याला खोकला आहे त्याने बाळाला दुरून दुवा द्यावी. बाळाच्या कानात अजान देणाऱ्या आजोबांना खोकला असेल, तर ते काम घरातल्या दुसऱ्या निरोगी माणसाने करावे. आजोबांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही. ते बोलण्याची जबाबदारी घरातल्या मोठ्यांनी घ्यावी. सुनेवर टाकू नये.

गरोदरपणाच्या सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात आईला टीडॅप ही लस दिली, तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात आणि पहिले महिने त्याला संरक्षण देतात. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या टीडी लशीत डांग्या खोकल्याचा भाग नसतो. टीडॅप बहुधा खासगी दवाखान्यातच मिळते. परवडत असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. बाळाचे तीन डोस वेळेवर, मग दीड ते दोन वर्षांत आणि पाच ते सहा वर्षांत बूस्टर, हे तर प्रत्येक घराला मोफत मिळते. कार्ड सापडत नाही, पाहुणे आहेत, बाळाला जरा सर्दी आहे, अशा कारणांनी डोस पुढे ढकलू नये.

तेव्हा आज घरात कुणी दोन आठवड्यांपासून खोकत असेल, तर कॅलेंडर काढून खोकला सुरू झाल्याची तारीख शोधावी आणि कागदावर लिहावी. त्या घरात पाळणा हलत असेल, तर तो कागद घेऊन उद्याच्या ऐवजी आजच दवाखान्यात जावे.